दोन इंच की चार?

“तुम्ही खुनी आहात, साहेब. हो, खुनीच म्हणतोय! काल माझी बायको त्या उतारावर जीवानिशी गेली असती. एका ओळीचं पत्रक काढून हात झटकले असते तुम्ही. ते दगड कधी उचलताय, तेवढं बोला.”

गॅरेजच्या दारात उभा राहून तिचा नवरा रस्ते खात्याच्या माणसाशी फोनवर भांडत होता. पलीकडच्याने फोन ठेवून दिला. नवरा आत आला आणि म्हणाला, “निगरगट्ट लेकाचे! तिरडी उठल्याशिवाय यांची खुर्ची हलत नाही.”

खोटं काय होतं त्यात? खाणीजवळचा उतार कित्येक वर्षं तसाच पडला होता. डोक्याएवढे दगड, गुडघाभर खड्डे. साध्या गाडीने तिथे नाक खुपसायची सोय नव्हती. म्हणून तिने जुनी फोर-बाय-फोर घेतली होती. तिची देखभाल नवरा बघायचा; परवा रविवारी ती दुपारच्या झोपेतून उठली तेव्हा तो अंगणात पुढची दोन्ही चाकं परत बसवत होता. रोज सकाळी ती वर आपल्या शिवणाच्या शेडवर जायची. शाळांचे गणवेश स्वतः कापायची, बायकांकडून शिवून घ्यायची आणि उजेड असेपर्यंत खाली यायची. शेड तिला आईकडून मिळाली होती. “विकून टाक गं, कशाला जीव टांगणीला लावतेस,” असं नवरा अधूनमधून म्हणायचा. ती हसून विषय टाळायची.

काल उतरताना ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. पुन्हा दाबलं. खाली काहीच नव्हतं, जणू पाण्यात पाय घातला. शेवटी तिने गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. ढीग होता म्हणून ती होती.

आता ती गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पण तिचा उजवा पाय अजून फरशीवर ब्रेक शोधत होता. दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा.

मिस्त्रीने दोन खोकी तिच्यासमोर ठेवली. “ताई, गाडी दोन इंच उचलायचं हे लिफ्ट किट, हे चार इंचाचं. स्प्रिंग, शॉक, सगळं आत आहे.”

“चार,” नवरा म्हणाला. “पोटाला दगड लागतात म्हणून तर ब्रेकचे पाईप फाटतात. गाडीच वर उचला, भानगड मिटली.”

“चार घेतलं तर ताईंना चढायला शिडी लागेल,” मिस्त्री म्हणाला.

“शिडी बांधा मग.”

“शिडी बांधीन, पण वळणावर कलंडेल ती कोण धरेल? हौसेनं रविवारी काढायची गाडी असती तर चार काय, सहाही घातलं असतं. ही रोजची आहे. रोजच्या गाडीला दोन बस झालं. ब्रेकचे पाईप मात्र जास्त लांबीचे नवे टाकू. जुने ताणले तर तुटतील.”

“दोनच घाला,” ती म्हणाली. “मला चालवायची आहे, मिरवायची नाही.”

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “बरं बाई, दोन. तू म्हणशील तसं. मिस्त्री, आजच बसवा. आणि जुनं काढाल ते थेट भंगारात टाका. तिच्या डोळ्यांसमोर नको. रात्रभर डोळा लागला नाही तिचा.”

मिस्त्रीने मान हलवली. “तसं चालत नाही इथे. काढलेलं सगळं आधी फडक्यावर मांडतो. मालकानं हातात घेऊन बघितल्याशिवाय नवं बसवत नाही. एकदा न दाखवता टाकलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, बदललंच नाहीस. गावभर चोर ठरलो. तेव्हापासून कानाला खडा.”

“मी बघितलं समजा.”

“गाडी ताईंची आहे.”

“चल गं,” नवरा तिला म्हणाला, “तोवर समोर चहा घेऊ. इथे बसून आणखी घाबरशील.”

“तुम्ही या घेऊन. मी इथेच थांबते.”

तो गेला नाही. तिच्या मागे उभा राहिला, हात तसाच खांद्यावर ठेवून. तिला बरं वाटलं. एवढ्या भीतीत कोणीतरी पाठीशी होतं.

गाडी रॅम्पवर चढली. पाने वाजू लागले. एकेक वस्तू फडक्यावर येऊन पडली: गंजलेल्या स्प्रिंग, गळके शॉक, आणि पुढच्या दोन्ही चाकांचे रबरी ब्रेक पाईप, तेलामातीने काळेकुट्ट झालेले.

“हेच ते दगडानं फाटलेले,” मिस्त्री वरवर बघून म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. रस्त्याची कीर्ती त्यालाही ठाऊक होती. त्यानेही निरखून पाहिले नव्हते.

तिने उगाच एक पाईप उचलला. चिंधीने पुसला. आतल्या दोऱ्यांच्या विणीवरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा तिथेच थांबला. जन्मभर तिने एकच काम केलं होतं. फाटलेली कड कशी असते, हे तिला सांगावं लागत नव्हतं: वेडीवाकडी, दोरे सुटलेली. ही कड अर्ध्यापर्यंत तशी होती. उरलेली अर्धी सरळ होती, धारदार पात्याने एका दमात घेतल्यासारखी.

तिने दुसरा पाईप पुसला.

तीच जागा. तेवढाच काप.

फरशीवरचा तिचा पाय थांबला. खांद्यावरचा हात केव्हा निघाला, ते तिला कळलं नाही. रॅम्पखाली पाना वाजत होता. ती उठली, दोन्ही पाईप हातात घेऊन मागे वळली. नवरा दाराकडे सरकला होता.

“अहो,” ती म्हणाली, “रविवारी मी झोपले असताना तुम्ही गाडीची पुढची दोन्ही चाकं कशाला काढली होती?”