नवतप्यातला कूलर

भर दुपारी दोन वाजता रुपरावांनी आपल्या हाताने कूलर लावला, तेव्हा शामलाबाईंना रडूच कोसळलं. बादल्यांनी पाणी आणून रुपरावांनी टाकी भरली, रुसलेल्या पंपाला दोन चापट्या मारून तो सुरू केला, आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून बरोबर हवेच्या तोंडाशी ठेवली. "बस, बाई," ते मिनलला म्हणाले आणि समोरच्या पलंगावर जाऊन बसले.

हुडकेश्वरच्या त्या घरात एवढं कौतुक लेकीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. रुपराव विजेच्या बाबतीत हाडाचे कंजूष. शाळेतल्या लिपिकाच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी दात घासत मीटर बघायचा. खोलीत दोन माणसं असली तरच पंखा. फ्रिज दिवाळी ते होळी बंद. आणि नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, नागपूर कितीही भाजून निघो, घरच्यांनी ओली चादर अंगावर घ्यायची. मिनलने दहावीच्या आधीची अख्खी सुट्टी डोक्यावर ओला दुपट्टा ठेवून अभ्यासात काढली, तेव्हा हाच कूलर तिच्यासमोर कोरडा ठणठणीत उभा होता.

आज सकाळी ती सासरहून मोठी बॅग घेऊन आली होती. परत न जाण्यासाठी. आईला तिने दंडावरचे वळ दाखवले, लग्नानंतरच्या सहा वर्षांचं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, बाबांना तूच सांग. शामलाबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून सांगितलं. रुपरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बादली उचलली.

"पाह्य वं," शामलाबाई डोळे पुसत लेकीच्या कानाशी पुटपुटल्या. "बोलून नाही दाखवत, पण बापाचं काळीज आहे ते. तू काहून एवढी भेऊन राहिली होती?"

मिनलला हवा लागली. भिजलेल्या वाळ्याचा वास आला, आणि इतकं बरं वाटलं की तिचे डोळे आपोआप मिटले. या वासात आपण आधी कधी बसलो होतो, ते ती आठवू लागली. बसली नव्हतीच कधी. एकदा उभी राहिली होती, पोह्यांचा ट्रे घेऊन, तिला बघायला आलेल्या मंडळींपुढे. त्या दिवशी कूलर सकाळपासून चालू होता. त्याआधी तो लागला हेडमास्तर आले तेव्हा, आणि आत्याचे यजमान आले तेव्हा. पाहुणे फाटकाबाहेर पडले रे पडले, की रुपराव आधी बटणाकडे धावायचे.

तिने डोळे उघडले. एरवी दुपारभर बनियनवर असणाऱ्या बाबांनी शर्ट चढवला होता. गुडघ्यांवर हात ठेवून ते ताठ बसले होते.

"गाडीत जागा भेटली होती ना?" त्यांनी विचारलं. "रस्त्यानं ऊन लागलं असन."

मिनल उठली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. कूलरची घरघर मंदावली. खोलीत लगेच झळ शिरली.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "घरच्या माणसाले कूलर कायले पाह्यजे?"

शामलाबाईंना हसू आलं. पोरगी शेवटी बापावरच गेली, असं त्यांना वाटलं.

रुपराव हसले नाहीत. ते उठले, मिनलकडे न बघता भिंतीपाशी गेले, आणि त्यांनी कूलर पुन्हा लावला.