हसायचा स्नायू

परभणीच्या एका मेडिकल कॉलेजात देहदात्यांच्या नातेवाइकांचा सत्कार झाला. शाल-नारळ घेऊन झरी गावचे आश्रुबा पहिल्या वर्षाच्या योगिनीजवळ आले. त्यांच्या बायकोच्या, बायनाबाईंच्या देहावरच तिचा गट वर्षभर शिकला होता.

"डॉक्टरीणबाई, हिच्या गालात काय दोष व्हता वो?" त्यांनी हळूच विचारलं. "लग्न झालं तवाच म्हणली, ल्हानपणी तापात गालाची नस गेली, मला हसता येत न्हाई. म्हून मी कधी आग्रह केला न्हाई."

गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचा तो स्नायू विच्छेदनात योगिनीनंच मोकळा केला होता. सरांनी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवला होता. म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून ती मनापासून म्हणाली, "काही दोष नव्हता, बाबा. नस चांगली होती. हसायचा स्नायू तर पुस्तकात असतो तस्सा होता!"

आश्रुबांनी हातातला नारळ शालीत गुंडाळला.



"खुरपायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, बायना लय हसती म्हून. मला वाटायचं, माजी चेष्टा करायल्यात."