पांढऱ्या साडीतली बाई आणि दोन शूर पुरुष

आता दार आपोआप उघडणार, हे दिगंबरला ठाऊक होतं. सगळ्या थेटरला ठाऊक होतं. पुढच्या रांगेतले बंगाली बाबू तर पडद्यावरच्या नायकाला मोठमोठ्यानं बजावत होते, की बाबा रे, मागे बघ. करकर करत दार उघडलं. थेटर खो खो हसलं. दिगंबरची मात्र बोबडी वळली.

तसा तो भूत बघायला आलाच नव्हता. मुलगी बघायला आला होता. नागपूरहून बदली होऊन गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात पडलेल्या माणसाला कलकत्त्यात मराठी मुलगी सांगून येणं म्हणजे उंबराला फूल येणं. हे स्थळ हातचं गेलं की संपलं, मग पुन्हा मेसचा मासा आणि भात. पण मुलीचे वडील श्यामराव पडले मिशीवाले. पोहे खाताना कुठलाही मुलगा शूर दिसतो, असं त्यांचं मत. म्हणून पाहण्याचा कार्यक्रम दुपारच्या खेळाला, बाल्कनीत. आमच्या घरात भित्रा जावई चालणार नाही, असं त्यांनी ट्रॅममध्येच सांगून टाकलं होतं. त्यावर दिगंबरनं, आपण कॉलेजात असताना स्मशानाला लागून खोली घेतली होती, अशी एक लोणकढी ठोकून दिली होती.

आता तो एका बाजूला, मध्ये श्यामराव आणि पलीकडे शकुन. शकुन शांतपणे शेंगा सोलत होती.

पडद्यावर मेणबत्ती विझणार होती, ती विझली. मांजर उडी मारणार होतं, त्यानं मारली. प्रत्येक वेळी बाबू आधी सांगत, आणि तसंच झालं की टाळ्या पिटत. दिगंबरलाही सगळं आधीच कळत होतं. त्यानं फायदा काहीच होत नव्हता, उलट एकदा भ्यायचं ते दोनदा भ्यावं लागत होतं.

मग जिन्यावर ती आली. पांढरी साडी, मोकळे केस, पाठमोरी. मागचा एक गृहस्थ बायकोला समजावू लागला, की आता ही वळेल आणि हिला तोंडच नसेल. दिगंबरनं डोळे गच्च मिटले. पण कान कसे मिटायचे? पैंजण वाजलं, आणि त्याच्या घशातून आपोआप मारुतीचं स्तोत्र निघालं. लहानपणी तिन्हीसांजेला हातपाय धुऊन पाटावर बसून म्हणायचं, तेच. अगदी हळू, नाकातल्या नाकात. अर्ध्यावर आल्यावर तो अडला. तिथंच तो नेहमी अडायचा आणि आजोबांच्या टपल्या खायचा. तीच ओळ त्यानं पुन्हा म्हटली. मग पुन्हा.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी पुढची ओळ पुरवली. घोगऱ्या आवाजात, दातांवर दात वाजवत. श्यामराव होते. स्तोत्रात कुणी अडलं तर मराठी माणसाला गप्प बसवत नाही, हे खरंच. पण एवढी ओळ सांगून श्यामराव थांबले नाहीत. ते पुढे म्हणतच राहिले आणि त्यांचा गार, घामेजलेला पंजा दिगंबरच्या मनगटावर येऊन बसला. एकाला दोघे झाल्यावर धीर येतो. धीर आला तसा आवाज चढला.

नेमकं तेव्हाच पडद्यावरचं संगीत बंद झालं होतं. त्या सामसूम काळोखात, वरून कुठूनतरी, दोन घोगरे आवाज कुणालाही न कळणाऱ्या भाषेत घुमू लागले. हे मात्र कुणीच आधी सांगितलं नव्हतं. पुढच्या रांगांतलं हसू विरलं. एक बाई "ओ मा गो" म्हणाली. एक खुर्ची आपटली, मग शंभर आपटल्या. नायकाला अक्कल शिकवणारे बाबू सगळ्यांच्या आधी दाराशी पोचले. तो गलका ऐकून या दोघांची खात्रीच पटली, की बाई पडद्यावरून खाली उतरली. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले आणि आवाज टिपेला नेला.

दिवे लागले तेव्हा दिगंबरनं एक डोळा उघडला. थेटर रिकामं, सिनेमा मात्र चालूच. जागोजाग चपला, एक छत्री, कुणाचं तरी उपरणं, कुणाचा चष्मा. दारातून डोअरकीपर डोकावत होता, आत यायला तयार नव्हता. आणि श्यामराव दोन्ही हातांनी दिगंबरच्या दंडाला लटकले होते. त्यांच्या पलीकडे शकुन तशीच बसली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. बराच वेळ या दोघांकडेच बघत असावी.

संपलं, दिगंबरला वाटलं. श्यामराव खाकरले. मुलगा ओळ विसरला म्हणून आपण फक्त आठवण करून दिली, असं काहीसं पुटपुटले.

"बाबा, हात सोडा त्यांचा," शकुन म्हणाली.

श्यामरावांनी सोडला. तेवढ्यात पडद्यावरची बाई वळली. त्यांनी पुन्हा धरला.

शकुन वडिलांच्या पोटावरून पुढे वाकली. "रात्री दिवा लावून झोपता का हो?"

स्मशानाशेजारची खोली दिगंबरच्या जिभेवर आली होती. पण श्यामराव दंडाला लटकलेले असताना ती बाहेरच पडेना.

"लावून," तो म्हणाला.

"बाबाही. मी गेले तर यांच्याजवळ कोण, म्हणून आजवर येईल त्याला नाही म्हणत आले." तिनं पदरावरची टरफलं झटकली आणि उठली. "आमच्या पुढच्या खोलीत दोन खाटा मावतात. दिवा एकच पुरेल."

दिगंबरच्या कानात सनई वाजू लागली. आनंदात तो निम्मा जिना उतरला, आणि मग एकदम थबकला. त्या दोन खाटा नक्की कुणाकुणाच्या, हे विचारायचं त्याला धैर्य होईना. आणि श्यामरावांनी तर त्याचा दंड अजून सोडला नव्हता.