मुठीतलं बटण

वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की त्या मुलीचा श्वास अडकायचा. शाळेच्या समुपदेशक मॅडमनी तिला कोटाचं बटण दिलं. "घाबरलीस की हे मुठीत धर, सावकाश श्वास सोड. कुणाला कळणारसुद्धा नाही." हळूहळू मुलगी बोलू लागली. कौतुकाच्या भरात मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मॅडम तिच्या वर्गावरून जात होत्या. आत मुलगी उत्तर जुळवत उभी होती. विज्ञानाचे सर म्हणाले, "काय गं, बटण घरी विसरलीस वाटतं?" वर्ग खदखदून हसला. मुलीने दाराकडे पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावरही वर्गाबरोबर सवयीनं आलेलं हसू होतं. ते आवरेपर्यंत तिने मूठ उघडून बटण बाकावर ठेवलं. तास सुटल्यावर मॅडमनी तिला गाठलं. "बाळा, चुकलं माझं." "छे हो मॅडम, मी बरी आहे." आजवर हे ती फक्त बाकीच्यांना सांगायची; मॅडमना खरं काय ते सांगायची.