शनिवारपर्यंतची खडी

“बाई, माझी खडी नापास? अहो, अस्सल काळा कातळ आहे तो!” कंत्राटदार मुळीक टेबलावर हात आपटून म्हणाला.

खरातबाईंनी यंत्रातून आलेला कागद पुन्हा वाचला. ‘आतून तडे. आणखी भार शनिवारपर्यंतच सोसेल.’ नमुना न फोडता त्याचं उरलेलं बळ सांगणाऱ्या या यंत्राला खोटं बोलायला अजून कोणी शिकवलं नव्हतं. ते आल्यापासून प्रयोगशाळेत दिवसाला चारऐवजी साठ नमुने येऊ लागले होते आणि बाईंची रजा तीनदा नामंजूर झाली होती.

“पुन्हा लावा,” प्रयोगशाळेचे प्रमुख टिपणीस साहेब म्हणाले.

बाईंनी तीच खडी पुन्हा ट्रेमध्ये ओतली. सव्वीस वर्षांच्या सवयीने तळहात फिरवून ती सारखी केली. या वेळी मात्र बटण दाबण्याआधी आठवणीने हात बाहेर काढला.

कागद आला. ‘चारशे वर्षं.’

“बघा!” मुळीक खूश झाला. “पण मग मघाशी नापास झालं ते काय हो?”

बाई भुकटीने करड्या झालेल्या आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या.

“तो पहिला कागद फाडा,” साहेब घाईने म्हणाले. “अजून एकोणसाठ नमुने पडलेत.”

“छापलेला निकाल फाडता येत नाही, साहेब,” म्हणत बाईंनी पर्स उचलली.

“अहो, निघालात कुठे?”

बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. अक्षर साहेबांचंच होतं: ‘नापास माल त्याच दिवशी आवाराबाहेर काढावा.’