जेवलात का?

घाटकोपरच्या त्या नर्सिंग होममध्ये सिस्टर क्षमा रोज दुपारी दशरथ आजोबांना विचारायची, "जेवलात का?" ताटं उचलायला आया वेगळी, त्यामुळे क्षमाची भिस्त उत्तरावरच. उत्तर रोज एकच, "नाय."

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उद्या नाकातून नळी घालू."

क्षमाने आजोबांना पुन्हा तपासलं. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर बसली. जीभ ओली होती. वजन तर चक्क वाढलेलं.

तिने शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, शेवंती आजींना, गाठलं. "आजी, तुम्ही तरी चार घास भरवा ना यांना. नाहीतर उद्या नळी."

"हे जेवूक नाय, म्हणान मी पण जेवूक नाय."

"अहो, मग चार दिवस दोघं खाताय काय?"

"चपाती, उसळ, अंडी, केळी," आजी शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टरान शुगरसाठी भात बंद केल्यान. मगे भात नाय, तर जेवलंय म्हणान खोटा कशाक सांगतले हे?"