नवव्याचं उत्तर

समुद्राच्या नकाशाचे सोळा चौकोन आणि प्रत्येकाला एक संगणक. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कुणाचंच हवामानाचं गणित पुढं सरकत नसे.

नववा सकाळीच दुरुस्तीला गेला होता. त्याच्याच चौकोनात माझ्या धाकट्या भावाची होडी होती. घरी आम्ही दोघंच.

दुपारी आठव्यानं सवयीनं नवव्याला विचारलं. उत्तर आलं.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"अहो ताई, नववा माझ्यापुढं पोट उघडं टाकून पडलाय. तो काय बोलणार, कपाळ!"

पडद्यावर नवव्याच्या नावानं आकडे उमटले. वारा शून्य. लाटा शून्य. देवा, सांभाळलंस रे!

मग दाब आला. नेहमीच्या चौपट. एवढा दाब हवेत कधीच नसतो, तो खोल पाण्याखाली असतो.

आकडा अजून वाढत होता.